मोडीत निघालेला राजहंस

कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीच्या परिसरात ‘प्रीमियर’ हे नाव अजूनही लोकांच्या तोंडी आहे. कोणी मैदानाला त्या नावाने ओळखतो, कोणी वसाहतीला. मात्र हे नाव मोटारींच्या एका कारखान्याचे होते, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट मोटारी बाहेर पडू लागल्या आणि त्यांपैकीच एकीला १९७४ च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ हे राणीचे नाव मिळाले. आपल्या डोंबिवलीच्या कारखान्यात १९९० च्या दशकात फ्रेंच बनावटीची प्यूजो ३०९ तयार होऊ लागली. परंतु तो उद्योग थोड्याच वर्षांत आटोपला. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी ठरविलेली वीस वर्षांची मुदत संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची निवृत्त झाली. ज्या गाडीतून आपल्याकडील कित्येक नवरी मुली ख्रिस्तमंदिराच्या दारी उतरल्या, ती आता छायाचित्रांपुरती उरली आहे.

या विषयावर लिहिताना आमच्या हातून घडलेली एक चूक आम्हांस वाचकांपुढे कबूल केली पाहिजे. धर्मगुरूपदाच्या आमच्या सुरुवातीच्या वर्षांत एका धर्मग्रामात पाठीमागच्या पडवीत एक जुनी फियाट पडून होती. चाके जमिनीत रुतलेली, आत कोंबड्या अंडी घालीत असलेली. पावसाळ्यापूर्वी जागा मोकळी व्हावी म्हणून आम्ही ती भंगारवाल्यास देऊन टाकली. तिच्या खणात एक वही होती. आमच्या आधीच्या धर्मगुरूंनी त्या वहीत प्रत्येक दुरुस्तीची तारीख, बदललेला भाग आणि मिस्त्रीचे नाव स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. गाडीबरोबर ती वहीही गेली. गाडीचे दुःख आम्हांला पुढे फारसे झाले नाही; वहीचे मात्र अजून होते.

मोडीत निघालेली मोटार पुन्हा उभी करता येते काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर शोधताना आपल्याच देशात वावरलेल्या एका विलक्षण मोटारीची हकिगत आमच्या वाचनात आली.

विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन नावाचा एक धनवान इंग्रज अभियंता राहत होता. त्याने इंग्लंडमधील लोस्टॉफ्ट या बंदरगावच्या ब्रुक कंपनीकडून १९१० च्या सुमारास एक मोटार बनवून घेतली. तिचा आकार होता पाण्यावर तरंगणाऱ्या राजहंसाचा. पुढे उंच मान, मागील अंगावर सोन्याच्या वर्खाने मढविलेली कमळाची नक्षी, डोळ्यांत विजेचे दिवे. हंसाची चोच इंजिनाच्या पाणी-यंत्रणेला जोडलेली होती. चोच उघडून वाफेचा फवारा सोडला की गर्दी दूर होई! धुराच्या जोरावर वाजणारा आठ सुरांचा भोंगा मागच्या आसनावरील पट्ट्यांनी वाजविता येत असे. चालकाला हुकूम देण्यासाठी जहाजावर असते तसले यंत्र बसविले होते. रस्त्यावरील हत्तीची लीद चाकांना चिकटू नये म्हणून ब्रशही होते. एवढेच नव्हे, तर हंस खरा वाटावा म्हणून मागच्या झडपेतून रस्त्यावर चुन्याचे पांढरे पाणी टाकण्याची सोय केली होती. हा हंस प्रथम बाहेर पडला तेव्हा रस्त्यावर अशी पळापळ झाली की पोलिसांना मध्ये पडावे लागले.

आजच्या दृष्टीला हा श्रीमंतीचा पोरखेळ वाटेल, आणि तो होताही. ज्या देशातील असंख्य लोकांना पायी चालण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्या देशाच्या रस्त्यावर गर्दीवर वाफ सोडणारी मोटार चालविणे हे कौतुकाचे कृत्य नव्हे. परंतु इतिहास केवळ सज्जनांच्या वस्तू जपत नाही. तो हंस परकीय सत्तेच्या काळातील एका मनोवृत्तीची साक्ष आहे, तशीच ती त्याला आकार देणाऱ्या सुतार-लोहारांच्या कसबाचीही साक्ष आहे.

पुढे १९२० च्या दशकात ही मोटार पंजाबातील नाभा संस्थानच्या महाराजांकडे गेली. काळ पालटला, संस्थाने विलीन झाली आणि हंस दुर्लक्षित अवस्थेत दशकानुदशके पडून राहिला. अखेर १९९१ साली हॉलंडमधील लौमन संग्रहालयाने तो विकत घेतला आणि त्याचा जीर्णोद्धार केला. आज तो हेग शहरात पाहावयास मिळतो. त्याच संग्रहालयात ‘जेनेव्हीव्ह’ ही डॅराक कंपनीची फ्रेंच मोटारही आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील ही गाडी १९४५ साली पूर्व लंडनमध्ये मोडकळीस आलेल्या स्थितीत सापडली. हौशी मंडळींनी ती उभी केली आणि १९५३ साली तिच्याच नावाच्या चित्रपटामुळे ती जगभर प्रसिद्ध झाली.

अशा जीर्णोद्धारात नवा रंग चढविण्याचे काम सर्वांत शेवटचे असते. आरंभीच्या मोटारींच्या पत्र्याखाली पुष्कळदा लाकडी सांगाडा असे. तो कुजला की पत्रा वरून कितीही चांगला दिसला तरी गाडी उभी राहत नाही. म्हणून आधी प्रत्येक भाग सोडवायचा, त्याचे छायाचित्र काढायचे, त्यावर खूण बांधायची. मग कोणता भाग मूळचा, कोणता नंतरचा, हे ठरवायचे. बाजारात मिळत नाही तो भाग लेथवर घडवावा लागतो. सर्वांत कठीण प्रश्न संयमाचा असतो. जे अजून धड आहे ते केवळ जुने दिसते म्हणून काढून टाकले, तर शेवटी हाती येते ती मूळ गाडीची प्रतिकृती.

राजहंस वाचला, पण आपल्या देशातून गेला. त्याचा दोष ज्यांनी तो वाचविला त्यांना देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे असे घडूच शकत नाही, असेही नाही. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याने १९३० च्या दशकातील आपली जर्मन ‘मेबॅक’ मोटार जपली आहे. दसऱ्याच्या सोहळ्यासाठी ती दसरा चौकात येते, तेव्हा तिला पाहण्यासाठी सारे शहर लोटते. तेथे लोकांच्या प्रेमानेही त्या वस्तूला जिवंत ठेवले आहे.

आणि हातांचे म्हणाल तर, ते ठाणे-कल्याणइतके दुसरीकडे कोठे मिळावेत? वागळे इस्टेटीत आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत ज्यांनी आयुष्य काढले, असे टर्नर, फिटर, पत्रा ठोकणारे कारागीर आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांचे केस पांढरे झाले आहेत, आणि त्यांच्या मुलांनी संगणकाची वाट धरली आहे. त्यात गैर काही नाही. परंतु कानाने इंजिनाचा दोष ओळखणारा मिस्त्री गेला की त्याची विद्या कोणत्याही संग्रहालयात सापडत नाही.

कायदाही आता काहीसा अनुकूल झाला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेले आणि मूळ स्वरूप टिकविलेले खाजगी दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व नूतनीकरणाचे ५,००० रुपये आहे. असे वाहन रोजच्या वापरासाठी अथवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतेच चालविता येते. चॅसी, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला असल्यास ही सवलत मिळत नाही. पहिल्यावहिल्या पद्मिनींनी पन्नाशी गाठली आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

वाचकहो, प्रत्येकाने घरात मोटार जपून ठेवावी, असे आमचे म्हणणे नाही. चाळीतल्या नि सदनिकेतल्या माणसाला तेवढी जागा कोठून मिळणार? पण एखाद्याच्या अंगणात आजोबांची गाडी गंजत असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी तिचे नोंदणीपुस्तक शोधा, इंजिनाचा क्रमांक उतरून घ्या, चारही बाजूंनी छायाचित्रे काढा. आणि आपल्या घरातील ज्या वडीलधाऱ्यांनी कारखान्यात घाम गाळला, त्यांच्याजवळ एक संध्याकाळ बसून, त्यांनी काय घडविले आणि कसे घडविले, ते एका वहीत लिहून घ्या. गाडी गेली तरी तशी दुसरी कोठेतरी सापडू शकते. त्या वहीची दुसरी प्रत मात्र कोठेच नसते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.