मनुष्यमहिन्याचा हिशेब

लांबलेला सॉफ्टवेअर-प्रकल्प वाचवण्यासाठी त्यावर नवख्या प्रोग्रामरांची फौज सोडणे, या उपायाला प्रोग्रामरांच्या बोलीत 'मंगोलियन होर्ड्स टेक्निक' असे उपहासाचे नाव आहे. हे नाव मंगोलांवर मात्र अन्याय करणारे आहे. चंगीझखानाचे सैन्य दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशा तुकड्यांत काटेकोरपणे बांधलेले होते. फसलेल्या प्रकल्पांत नेमकी हीच बांधणी नसते.

या उपायाची सर्वांत प्रसिद्ध परीक्षा आयबीएममध्ये झाली. 1964 मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/360 या संगणकमालेसाठी ओएस/360 ही प्रणाली लिहिताना 1963 ते 1966 या काळात सुमारे 5000 मनुष्यवर्षे खर्ची पडली. तरीही ती उशिरा आणि सदोष अवस्थेत ग्राहकांच्या हाती गेली. प्रकल्पाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 1975 च्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथात निष्कर्ष मांडला, की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर तो अधिकच उशिरा पुरा होतो. नव्यांना शिकवण्यात जाणत्यांचा वेळ जातो, काम पुन्हा वाटावे लागते आणि परस्परसंवादाचा भार वाढतो. दहा जणांत संवादाच्या 45 जोड्या होतात, तर पन्नास जणांत 1225.

याचा अर्थ नवखेपणा हाच दोष, असा मात्र नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली मोजक्या तरुणांनी 1956 मध्ये संगणकाची प्रायोगिक आवृत्ती चालवून दाखवली आणि 1960 मध्ये पूर्ण यंत्र कार्यान्वित केले. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. संगणक बांधण्याचा अनुभव या तरुणांजवळ नव्हता. परंतु संघ लहान असल्यामुळे संपूर्ण यंत्राची कल्पना प्रत्येकाच्या मनात राहू शकत होती.

पुढे याच मुंबईत उद्योगाने वेगळे वळण घेतले. 1968 मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस स्थापन झाली. 1973 मध्ये अंधेरीला सीप्झ हे निर्यातक्षेत्र उभे राहिले. फकीरचंद कोहली यांनी प्रशिक्षणावर भर दिला, 1981 मध्ये पुण्यात संशोधनकेंद्रही सुरू झाले. तथापि, परदेशी ग्राहकाला पाठवायच्या देयकाचे एकक बहुधा मनुष्यमहिना हेच राहिले. ज्या एककाला ब्रूक्स यांनी भ्रम ठरवले होते, तेच आपल्या निर्यातीचे माप झाले. माणसे वाढली की उत्पन्न वाढते, अशा व्यवस्थेत संघ लहान ठेवण्याचे प्रलोभन कोणाला असणार?

मग 2000 साल जवळ आले. जुन्या प्रोग्रामांत वर्ष दोनच अंकांत नोंदलेले असल्यामुळे कोट्यवधी ओळी तपासणे आवश्यक झाले. हे काम बऱ्याच अंशी विभागता येण्याजोगे होते. नियम ठरलेले होते आणि काही आठवड्यांत कोबोल शिकलेला पदवीधर आपल्या वाट्याचा भाग दुरुस्त करू शकत होता. त्यामुळे मोठी फौज येथे यशस्वी ठरली. ब्रूक्स यांचा नियम त्यामुळे खोटा ठरला नाही; पूर्णपणे विभागता येणाऱ्या कामाला तो लागू नाही, हे त्यांनीच लिहून ठेवले होते.

त्या यशातून उद्योगाने घेतलेला धडा मात्र अपुरा होता. विभागता येणाऱ्या कामासाठी घडवलेली रचना, ज्यात सर्व भाग एकमेकांत गुंतलेले असतात अशा कामांनाही लावली गेली. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण अशा प्रकल्पांना चपखल बसते.

आज ठरावीक साच्याचा, सुटा सुटा कोड कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने लिहू लागली आहेत. म्हणजे जे काम फौजेला खरोखर जमत होते, तेच आधी यंत्राकडे जात आहे. शिल्लक राहणार आहे ते गुंतलेल्या रचनेचा समग्र विचार करण्याचे काम, आणि ते मनुष्यमहिन्यांत मोजता येत नाही. पुणे-मुंबईच्या महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणांना पहिली काही वर्षे केवळ संख्या म्हणून वापरायचे, की टिफ्रॅकच्या संघाप्रमाणे संपूर्ण यंत्र समजून घेण्याची संधी द्यायची, हा प्रश्न आता सौजन्याचा राहिलेला नाही. उद्योगाचे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.