लेण्याद्रीचे चैत्यगृह आणि विहार

महाळुंगे पडवळ व परिसरातील गावांतून नारायणगावमार्गे जुन्नरला जाणारे बहुसंख्य भाविक लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतात ते अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी. ते ज्या दालनात उभे राहतात तो मुळात भिक्खुसंघाचा विहार, येथील सातवे लेणे होय. शेजारचे सहावे लेणे म्हणजे या संघारामाचे चैत्यगृह; तिकडे फार थोड्यांची पावले वळतात.

मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती मठांत निवासाला लागूनच प्रार्थनामंदिर असे. त्याच्या कित्येक शतके आधी हीच रचना सह्याद्रीच्या कातळात सिद्ध झाली होती. चैत्यगृहाची मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून तेथे स्तूप आहे. दोन्ही बाजूंच्या स्तंभरांगांमागून प्रदक्षिणामार्ग जातो. स्तंभशीर्षांवर हत्ती, बैल, वाघ कोरलेले आहेत. गजपृष्ठाकृती छताच्या फासळ्याही दगडीच आहेत. लाकडी बांधकामाची आठवण कारागिराने कातळात जपली आहे. बुद्धमूर्ती नाही. उपासक वंदन करीत ते स्तूपाला.

हे चैत्यगृह कोणा राजाचे दान नव्हे. त्यावरील ब्राह्मी लेखात कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे नाव आहे. 'हेरणिक' म्हणजे सोनार किंवा खजिनदार असा अर्थ लावला जातो. नाणेघाटाने कल्याण बंदराशी जोडलेल्या जुन्नरच्या समृद्धीची ही साक्षच म्हणावी. परिसरातील अन्य लेखांतूनही हेच दिसते: धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला, मानमोडीला महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी, शककाल धरल्यास इ.स. १२४ मध्ये, पोढी व मंडप दिला. संघ भिक्षेवर जगे, पण त्याचे निवारे व्यापारी, कारागीर आणि परदेशी यांनी उभे केले. ग्रंथांपेक्षा हे लेख या बाबतीत अधिक बोलके आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आता विहाराकडे वळू. विस्तीर्ण दालनात एकही खांब नाही. डावी-उजवीकडे प्रत्येकी सात आणि मागे सहा, अशा एकूण वीस खोल्या आहेत. मागील भिंतीतील मधल्या दोन खोल्यांमधली भिंत पुढे फोडण्यात आली आणि त्या एकत्रित जागेत आज गणेशाची पूजा होते. उरलेल्या अठरा खोल्या मात्र वर्षावासाला येणाऱ्या भिक्खूंसाठी कोरल्या तशाच भोवती आहेत.