गोळी कोणाची, तेल कोणाचं?

मी कवी माणूस. तेलाच्या धंद्यातलं मला काही कळत नाही. पण भाऊबंदकी कळते. वाटणीच्या दिवशी घरातली बोलकी माणसं कशी गप्प होतात, ते आमच्या मोहल्ल्यातही पाहिलं आहे. म्हणून 'डॅलस' या अमेरिकी मालिकेविषयी आज बोलावंसं वाटतं.

२ एप्रिल १९७८ रोजी सीबीएस वाहिनीवर ती सुरू झाली. टेक्सासमधलं युइंग हे तेलवाल्यांचं धनाढ्य घराणं. थोरला जे. आर. कपटी, धाकटा बॉबी सरळमार्गी. सासू, सुना, दीर सगळे एकाच छपराखाली. आपल्याला यात अनोळखी काय आहे? २१ मार्च १९८०च्या भागात जे. आर.वर कुणीतरी गोळी झाडली. 'कोणी झाडली?' या प्रश्नानं अमेरिकेला आठ महिने झुलवत ठेवलं. २१ नोव्हेंबरला उत्तर मिळालं, तेव्हा आठ कोटींहून अधिक लोक टीव्हीसमोर बसले होते. गोळी झाडणारी निघाली मेहुणी, क्रिस्टिन.

मला मात्र या कथेतला जुना प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. जे. आर.चे वडील जॉक आणि डिगर बार्न्स हे एकेकाळचे भागीदार. जॉक श्रीमंत झाला, डिगर दारूत बुडाला. 'माझा हिस्सा लुबाडला' हे त्याचं गाऱ्हाणं आणि तेच त्याच्या मुलाचं, क्लिफचं, आयुष्यभराचं वैर. पहिल्याच भागात बॉबी लग्न करून घरी आणतो ती डिगरचीच मुलगी!

आता खऱ्या टेक्सासमध्ये येऊ. ऑक्टोबर १९३०मध्ये सत्तरीच्या कोलंबस जॉइनर या माणसाला पूर्व टेक्सासात तिसऱ्या विहिरीत तेल लागलं. लोक त्याला 'डॅड' म्हणत. हातात पैसा नाही म्हणून त्यानं एकच हिस्सा अनेकांना विकून ठेवलेला. तेल लागताच दावेदार दारात उभे राहिले. महिन्या-दोन महिन्यांत एच. एल. हंट या हिशेबी माणसानं डॅलसच्या एका हॉटेलात सौदा केला. किंमत तेरा लाख डॉलरच्या वर. पण रोख दिले अवघे तीस हजार, बाकीचे बहुतेक त्याच जमिनीतून निघणाऱ्या तेलातून फेडायचे. ते क्षेत्र तोवरचं अमेरिकेतलं सर्वांत मोठं ठरलं. हंट देशातल्या अतिश्रीमंतांत गणला गेला. जॉइनर १९४७मध्ये वारला, तेव्हा त्याच्यापाशी फारसं काही उरलं नव्हतं.

डिगर म्हणजेच जॉइनर, असा माझा दावा नाही. जॉइनरही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण ज्यानं शोधलं त्याचं काय आणि ज्यानं कागद केला त्याचं काय, हा झगडा टेक्सासच्या मातीतलाच.

पुढच्या पिढीनं काय केलं? हंट यांच्या मुलांनी, बंकर आणि हर्बर्ट यांनी, जगातली चांदी विकत घ्यायला सुरुवात केली. जानेवारी १९८०मध्ये भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेला. सामान्य अमेरिकी माणसं आजीचे चमचे वितळवायला देऊ लागली. मग २७ मार्चला भाव अकरा डॉलरच्याही खाली कोसळला. पडद्यावर जे. आर. पडल्याला तेव्हा सहाच दिवस झाले होते. बंकर हंट १९८८मध्ये दिवाळखोर ठरला.

१९८६मध्ये तेलाचे भाव निम्म्याहून खाली आले आणि टेक्सासचा तोराही उतरला. ३ मे १९९१ला मालिका संपली. तोवर युइंग ऑइल गेली होती क्लिफकडे, डिगरच्या मुलाकडे!

गोळी कोणी झाडली, ते आठ महिन्यांत कळलं. डिगरचा हिशेब मिटायला तेरा वर्षं लागली, पण मिटला. कथालेखक तेवढं करू शकतो. हॉटेलच्या खोलीत कागदावर सही करणाऱ्या जॉइनरला मात्र असा लेखक भेटला नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)