शॉटची निवड म्हणजे प्रेक्षकाच्या जागेची निवड

बंगळुरू : नाटकाचा प्रेक्षक तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत एकाच खुर्चीतून पाहतो. चित्रपटात मात्र प्रेक्षकाची जागा कॅमेरा ठरवतो आणि प्रत्येक शॉटबरोबर ती बदलू शकतो. दृश्यकथनाचे शिक्षण या फरकापासून सुरू होते.

येथील जे. पी. नगरमध्ये २००४ साली सुरू झालेले ‘रंगशंकरा’ नाट्यगृह ज्यांच्या स्मरणार्थ उभे आहे, ते शंकर नाग हा फरक ओलांडणाऱ्या कलावंतांपैकी एक होते. मुंबईच्या मराठी रंगभूमीवरून ते कन्नड चित्रपटांत गेले आणि पुढे आगुंबे परिसरात चित्रित झालेल्या ‘मालगुडी डेज’ या मालिकेचे दिग्दर्शक म्हणून देशभर ओळखले गेले.

शॉटचे मूलभूत प्रकार तीन. लाँग शॉट माणसाला त्याच्या परिसरासह दाखवतो. कमरेपासून वरचा भाग दाखवणाऱ्या मिड शॉटमध्ये हावभाव आणि परस्परसंबंध दिसतात. क्लोज-अप चेहरा, हात किंवा एखादी वस्तू इतर सर्व गोष्टींपासून वेगळी काढतो.

मराठी चित्रपटांत या निवडीची ठळक उदाहरणे आढळतात. प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) व्ही. शांताराम यांनी टेलिफोटो भिंगाच्या साहाय्याने राजगुरूचा डोळा अतिसमीप दाखवला. धर्मसत्तेची दहशत त्या एका डोळ्यात एकवटली. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा बहुतांश दूर आणि स्थिर राहतो. लोकशाहिरावरील खटल्यात कोणाकडे पाहायचे, हे प्रेक्षकालाच ठरवावे लागते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’च्या (२०१३) अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. तोवर त्रयस्थपणे पाहणारा प्रेक्षक त्या क्षणी हिणवणाऱ्यांच्या जागी उभा असतो.

विविध शॉट जोडताना सलगता राखण्यासाठी दोन संकेत पाळले जातात. संवाद करणाऱ्या दोन व्यक्तींना जोडणारी काल्पनिक रेषा न ओलांडता कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवला, तर कोण कोणाकडे पाहत आहे याबाबत गोंधळ होत नाही. हा १८० अंशांचा नियम. एकाच विषयाच्या सलग दोन शॉटमध्ये कॅमेऱ्याचा कोन किमान ३० अंशांनी बदलावा, हा दुसरा. अन्यथा चित्र उडी मारल्यासारखे भासते.

सरावासाठी मोबाइलचा कॅमेराही पुरेसा ठरतो. चहा करण्यासारखी साधी कृती प्रथम एकाच लाँग शॉटमध्ये टिपावी. नंतर तीच कृती स्वयंपाकघर, करणारी व्यक्ती, तिचे हात, उकळते आधण आणि चहा घेणाऱ्याचा चेहरा अशा पाच शॉटमध्ये टिपून सलग जोडावी. त्यानंतर एकेक शॉट वगळून पाहावा. जो वगळल्याने कथेत काहीच उणे होत नाही, तो अनावश्यक असतो. विविधता हे साधन आहे. प्रत्येक शॉटला कथेतील कारण असणे महत्त्वाचे.