मांडवी, जेकब सर्कल आणि ठाणे

"मुंबईतच राहावे की ठाण्यास बिऱ्हाड हलवावे?" आज लोद, रामले, अश्दोद, बेरशेबा येथे स्थायिक झालेल्या आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांच्या घरी या प्रश्नावर वाद झाले असतील. वरवर पाहता हा भाड्याचा आणि लोकलच्या पासाचा प्रश्न. पण आपल्या समाजाच्या बाबतीत त्यात तिसरी एक गोष्ट होती, ती म्हणजे मशिदीपर्यंतचे अंतर. शब्बाथला वाहनात बसायचे नाही आणि मिन्यानला दहा पुरुष हवेत. ही दोन बंधने पाळायची तर घर कोठे घ्यावे, हे निम्मे ठरूनच जाते.

कोकणातील घाणे सोडून आपली माणसे अठराव्या शतकात मुंबईस येऊ लागली. कोणी कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले, कोणी सुतारकाम, गवंडीकाम धरले. समाजी हसाजी दिवेकर हे पलटणीतील अंमलदार. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी 1796 साली मांडवीस 'शाआर हारहमीम' बांधली, असे परंपरेने सांगितले जाते. तीच आपली जुनी मशीद. सॅम्युएल स्ट्रीट हे रस्त्याचे नाव त्यांचेच आणि इस्राएल मोहल्ला वाढला तो त्याच आसपास.

पुढे मांडवीस दाटी झाली. मंडळी भायखळा, नागपाडा, जेकब सर्कलकडे सरकली. तेथे 'तिफेरेथ इस्राएल' आणि 'मागेन हसीदीम' उभ्या राहिल्या. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली काढलेली इस्राएली शाळा पुढे माझगावात सर एली कदुरी शाळा या नावाने नांदू लागली. मुलांच्या शिक्षणासाठी मुंबई सोडवत नाही, असे म्हणणाऱ्यांचा आधार ही शाळाच होती. शिवाय मुंबईत मान होता. डॉ. एलायजा मोझेस 1937 साली शहराचे महापौर झाले, हे काही थोडे नव्हे!

ठाण्याची गोष्ट निराळी. बोरीबंदरहून पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी तेथे पोहोचली आणि सव्वीस वर्षांनी, 1879 साली, टेंभी नाक्याजवळ 'शाआर हाश्शामाईम' बांधली गेली. तरीही जुन्या मुंबईकराला ठाणे म्हणजे तळी, डास आणि वेड्यांचे इस्पितळ. "ठाण्याला पाठवा याला" हे वाक्य आपणही चेष्टेने कितीदा म्हटले असेल!

वारे फिरले ते 1947-48 नंतर. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळीतील जुन्या भाडेकरूचे भाडे गोठले. पण नव्याने लग्न झालेल्या मुलाला खोली हवी तर पागडी मोजणे आले. 1948 मध्ये इस्राएलचे राज्य झाले, शेजारची बिऱ्हाडे एकेक करून निघाली आणि शनिवारी मशिदीतले बाक रिकामे दिसू लागले. ठाण्यात मात्र जागा मिळत होती. 1960 नंतर वागळे इस्टेटीत कारखाने आले, नोकऱ्या निघाल्या. रोज फास्ट लोकलमध्ये लोंबकळून व्हीटी गाठणाऱ्यांनीही संध्याकाळी परतायला ठाणेच निवडले.

केवळ स्वस्ताईमुळे हे घडले, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. जागा डोंबिवलीलाही स्वस्त होती आणि मुलुंड तर मुंबईला अधिक जवळ. पण त्या दोन्ही ठिकाणी आपली मशीद नव्हती. ठाण्यात जुनी मशीद तयार होती. सण, मलिदा, लग्न, सगळे चालत जाण्याच्या टप्प्यात. एक घर आले की त्याच्या ओढीने दुसरे येई. आज भारतात आपला सर्वांत भरलेला मेळा ठाण्याचाच आहे आणि मांडवीच्या जुन्या मशिदीत मिन्यान जमणे कठीण झाले आहे. ठाण्याने मुंबईची माणसे नेली, असा राग काही जुन्या मंडळींना आहे. तो अगदीच अनाठायी नाही. निघून गेलेल्या दहा घरांचा हिशेब मागे राहिलेल्यांनाच चुकवावा लागतो.

इस्राएलला आल्यावर ही निवड आपल्या हाती राहिलीच नाही. 1954 पासून नवागतांना बंदरावरून थेट नव्या गावी पोहोचविण्याचे धोरण होते. भायखळ्याच्या ट्रामची सवय असलेले लोक दिमोना, यरुहामच्या वाळूत उतरले. कित्येकांनी पुढे नातलगांच्या ओढीने लोद, रामले, अश्दोद गाठले. तेल अवीवमध्ये राहणे परवडणारे नव्हते, हे खरे. पण परवडले असते तरी किती जण गेले असते, याची मला शंका आहे. लोदहून तेल अवीव आगगाडीने जवळ आहे. ठाण्याची लोकल शनिवारीही धावते, इथली गाडी मात्र शब्बाथला बंद असते.