काचेच्या पेटीबाहेर उभे आई-बाप

आपल्या काशीगावात घरीच बाळंतपणं झालेल्या आज्या अजून भेटतात. कमी दिवसांचं बाळ जन्मलं की दुपट्यात गुंडाळायचं आणि आईच्या कुशीत द्यायचं, एवढाच इलाज हाताशी असे. त्यातली बरीच बाळं जगत नसत, हेही विसरून चालणार नाही. मग दवाखाने आले, काचेच्या पेट्या आल्या, जीव वाचू लागले. पण सोबत एक पाटीही आली: 'आत येण्यास मनाई'. आई-बाप काचेबाहेर.

ही काच हटवणाऱ्यांत आपल्या जवळचंच एक नाव आहे, मुंबई महापालिकेचं सायन हॉस्पिटल. तिथे जंतुसंसर्गाने बाळं दगावत होती, नर्स अपुऱ्या होत्या. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी बाळांच्या देखभालीसाठी आयांनाच आत घेतलं, पावडरचं दूध बंद केलं. १९८९ मध्ये तिथेच आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली.

त्याच सुमारास, १९७८ मध्ये, कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्यापुढेही हीच अडचण होती. एका पेटीत दोन-दोन बाळं. त्यांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधायला सांगितलं. हीच पुढे 'कांगारू केअर' झाली. छातीच्या उबेने बाळाचं अंग गार पडत नाही, श्वास आणि ठोके स्थिरावतात, दूध लवकर ओढता येतं. तिथली मुलं वीस वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा छातीशी वाढलेल्यांत शाळेची गैरहजेरी आणि आक्रमकपणा कमी आढळला.

तरी डॉक्टर म्हणत, आधी बाळ स्थिर होऊ दे, मग आईकडे देऊ. भारतासह पाच देशांत ३,२११ कमी वजनाच्या बाळांवर अभ्यास झाला. निकाल २०२१ मध्ये आला. जन्मल्याबरोबर छातीशी दिलेल्यांत २८ दिवसांत १२ टक्के बाळं गेली, उशिरा दिलेल्यांत १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितलं. व्हेंटिलेटरवरच्या किंवा शॉकमधल्या बाळांची गोष्ट अर्थात वेगळी.

आणि बाप? आपल्याकडे सोयर संपेपर्यंत त्याला दारातच थांबवायची रीत. पण आई ऑपरेशन होऊन पडलेली असेल, तर बापाच्या छातीचीही ऊब तेवढीच कामी येते.

आपल्या शहरात नवं रुग्णालय म्हटलं की आपण विचारतो, खाटा किती, मशिनी किती. आता हेही विचारा: बाळाच्या पेटीशेजारी आईची खाट आहे का?

आणि घरात बाळ वेळेआधी आलं, तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा, 'छातीशी कधी घेता येईल?' या प्रश्नाला पैसे पडत नाहीत.