शनाख्त: अंगठ्यापासून ब्राउझरपर्यंत

बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणून ओळखली गेली. एडवर्ड हेन्री हे बंगालचे पोलीस प्रमुख. पण दहा बोटांच्या ठशांची १,०२४ खणांत वर्गवारी करण्याचे गणित बसवले ते त्यांच्या हाताखालच्या काझी अझीझुल हक यांनी. हेमचंद्र बोस यांचेही त्यात मोठे योगदान होते. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय उघडले. हक यांना पुढे खान बहादूर किताब मिळाला, पद्धतीला नाव मात्र साहेबाचे राहिले.

हे शास्त्र लवकरच दुबळ्यांवर चालवले गेले. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंद झालेल्या जमातींतील माणसांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. गुन्हा काय केला, हा प्रश्नच नव्हता; जन्म पुरेसा होता. आपल्याकडच्या पारधी समाजाने हा जाच सोसला. कायदा १९५२ मध्ये गेला, संशय अजून गेलेला नाही.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्याच वर्षी अमेरिकेत पीटर एकर्सली यांनी सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले. त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. स्क्रीनचा आकार, भाषा, वेळेचा पट्टा, बसवलेले फॉन्ट अशा साध्या गोष्टी एकत्र केल्या की यंत्राचा ‘ठसा’ तयार होतो. टेंभलीत बोट ठेवणाऱ्याला आपण ठसा देतोय हे ठाऊक होते. ब्राउझरचा ठसा विचारल्याशिवाय घेतला जातो. कुकी पुसता येते, हा पुसता येत नाही.

लॉगिनचा घोळ इथेच होतो. हा ठसा यंत्राचा असतो, माणसाचा नव्हे. नेहमीच्या मोबाइलवर मुकाट उघडणारे खाते वरसावे नाक्यावरच्या एखाद्या दुकानातल्या संगणकावर ओटीपी मागते, कारण तिथे तोच माणूस परका ठरतो. उलट, एका घरात एकच मोबाइल वापरणारे चौघे यंत्राला एकच वाटतात. चोराला अडवण्यासाठी बँकेने ही खूण वापरावी, यात गैर नाही. पण ओटीपी येणारा मोबाइल वडिलांसोबत कामावर गेलेला असेल, तर अर्ज भरणाऱ्या मुलीने काय करायचे? स्वतःचे यंत्र नसणाऱ्यालाच पुन्हा पुन्हा शनाख्त द्यावी लागते.

आणखी एक गोष्ट. संगणकावर जमील नूरी नस्तालीक आणि मराठी फॉन्ट दोन्ही बसवलेले असतील, भाषांच्या यादीत उर्दू-मराठी असेल, तर असे यंत्र हजारांत उठून दिसते. आपली दुभाषिक श्रीमंती जाहिरात कंपन्यांसाठी खूण बनते.

सूरह हुजुरातमध्ये तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुंगणे, मना आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीही २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. दाराशी कोण आहे हे विचारणे वेगळे आणि माणसामागे गल्लोगल्ली फिरणे वेगळे. पहिल्याचा अधिकार घरमालकाला आहे. दुसऱ्याचा कुणालाच नाही.